जुने फोन, लॅपटॉप देऊन टाकण्याआधी डेटा नक्की कसा पुसायचा? आणि फुगलेल्या बॅटरीचं काय?

प्रश्न – जुनाखण

नमस्कार मंडळी. खणात साठलेली यंत्रं एकदाची बाहेर काढायची आहेत. जी चालतात ती कुणाला तरी वापरायला द्यायची, उरलेली ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात. घोडं अडलंय ते डेटापाशी. यादी अशी:

१. अँड्रॉइड ४.४ चा फोन. हळू आहे, पण चालतो.
२. अँड्रॉइड १२ चा फोन. पडून स्क्रीन पूर्ण काळी झाली आहे. आत तो जिवंत आहे, कंपन होतं, चार्जर लावल्याचा आवाज येतो.
३. एक फोन ज्याची पाठ फुगून वर आली आहे.
४. लॅपटॉप, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क.
५. लॅपटॉप, २५६ जीबी एसएसडी, विंडोज १०. याला विंडोज ११ चालत नाही.
६. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डं मूठभर, एक राउटर.

फोटो, बँकेची कागदपत्रं, ओळखपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती असं सगळं यांच्यात कधी ना कधी येऊन गेलेलं आहे. फॉरमॅट पुरेसं आहे का? ३५ वेळा पुसावं लागतं असंही वाचलं. की सरळ हातोडा घ्यावा? आणि फोडलेली वस्तू पुढे रिसायकल होते का, हेही कुणी नीट सांगितलं तर बरं होईल.

चकती

आधी चौथा नंबर घेतो. फिरती हार्ड डिस्क पुसायला सगळ्यांत सोपी, आणि गैरसमज मात्र तिच्याबद्दलच सगळ्यांत जास्त.

फाइल डिलीट केली की मजकूर जागेवरच राहतो. जाते ती अनुक्रमणिकेतली नोंद. क्विक फॉरमॅटमध्ये अनुक्रमणिका नवी कोरी होते, मजकूर तरीही तसाच पडून असतो आणि फुकटात मिळणारं रिकव्हरी सॉफ्टवेअर तो उचलून देतं. एमआयटीतल्या सिमसन गार्फिंकल आणि अभि शेलाट यांनी वापरलेल्या १५८ डिस्का विकत घेऊन तपासल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू असलेल्या १२९ डिस्कांपैकी नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. विकणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी फॉरमॅट केलं होतं आणि तेवढ्यावर ते निर्धास्त होते.

३५ वेळांची गोष्ट पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातून आली. ते ३५ नमुने त्या काळातल्या वेगवेगळ्या, आता कालबाह्य झालेल्या एन्कोडिंग पद्धतींसाठी मिळून होते. आजच्या डिस्कवर ते सगळे चालवण्यात अर्थ नाही, हे खुद्द गुटमन यांनीच नंतर स्पष्ट केलं आहे. पूर्ण डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की पुरे. निस्ट या अमेरिकी प्रमाणसंस्थेच्या ८००-८८ मार्गदर्शिकेची २०१४ ची आवृत्तीही चुंबकीय डिस्कसाठी हेच सांगते.

कृती: डिस्क लॅपटॉपमध्येच असेल तर पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा आणि तिथून पूर्ण डिस्कवर शून्यं लिहा. बाहेर काढलेली असेल तर दुसऱ्या विंडोज संगणकाला जोडा आणि डिस्कपार्ट (विंडोजमधलं डिस्क हाताळणारं साधन) उघडा. त्यात आधी 'लिस्ट डिस्क', मग 'सिलेक्ट डिस्क' आणि क्रमांक, मग 'क्लीन ऑल'. इथला 'ऑल' गाळू नका. नुसतं 'क्लीन' फक्त विभागणीची माहिती पुसतं आणि दोन सेकंदांत संपतं. 'क्लीन ऑल' प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं. आज्ञा देण्याआधी डिस्कचा आकार दोनदा जुळवून बघा, आणि शक्य असेल तर बॅकअपची डिस्क त्या वेळेपुरती काढूनच ठेवा. चुकीचा क्रमांक निवडला तर परतीचा रस्ता नाही.

वेळ: लॅपटॉपची ५,४०० फेऱ्यांची डिस्क सरासरी ८० एमबी प्रति सेकंदाने लिहिते असं धरलं तर ५०० जीबीला पावणेदोन तास. यूएसबी २ च्या जुन्या केबलवर तेच काम चार तासांच्या पुढे जातं. लॅपटॉप चार्जरला लावून ठेवा आणि झोपी जाण्याची सेटिंग बंद करा, नाहीतर अर्ध्यावर थांबतं आणि पूर्ण झालं असं वाटत राहतं.

झाल्यावर खात्री करा. हेक्स एडिटरमध्ये (डिस्कवरचे कच्चे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) डिस्क उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट बघा, सगळीकडे शून्यंच दिसली पाहिजेत. आणखी एक: स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्या, तक्त्यात 'रीअॅलोकेटेड सेक्टर काउंट' बघा. तो आकडा शून्य नसेल, तर तितके खराब सेक्टर डिस्कने बाजूला टाकलेले आहेत आणि तुमचं लिखाण तिथवर पोचत नाही. दोन-चार सेक्टर म्हणजे फार तर काही किलोबाइट. घरगुती डिस्कसाठी मी त्याकडे दुर्लक्ष करेन. आकडा शेकड्यांत असेल तर डिस्क तशीही कुणाला वापरायला देण्याजोगी नाही.

नँडगेट

चकती यांनी सांगितलेलं पाचव्या नंबरला लावू नका. एसएसडीत फिरती चकती नसते, फ्लॅश चिपा असतात, त्यामुळे तिचं गणित वेगळं आहे.

फ्लॅशची प्रत्येक पेशी ठरावीक वेळाच लिहिता येते. म्हणून आतला नियंत्रक लिखाण सगळीकडे पसरवत राहतो. तुम्ही 'त्याच' जागी शून्य लिहायला सांगता, तो दुसऱ्याच मोकळ्या पेशीत लिहितो आणि जुनी पेशी 'नंतर साफ करू' म्हणून बाजूला ठेवतो. शिवाय जाहीर क्षमतेपेक्षा थोडी जास्तीची फ्लॅश आत असते, तिथपर्यंत संगणकाला पोचताच येत नाही. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या गटाने २०११ मध्ये चिप काढून थेट वाचून बघितलं: एकेक फाइल पुसण्याची कुठलीही पद्धत एसएसडीवर भरवशाची ठरली नाही, आणि पूर्ण डिस्क दोनदा लिहिणंही बहुतेक वेळा चाललं तरी प्रत्येक वेळी नाही.

म्हणून नियंत्रकालाच सांगायचं की सगळं पुस. एसएसडीच्या जोडणीचे दोन प्रकार असतात: साटाला 'सिक्युअर इरेज', एनव्हीएमईला 'फॉरमॅट' किंवा 'सॅनिटाइझ'. बऱ्याच लॅपटॉपच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणारी सेटिंग) हा पर्याय असतो, आधी तिथे बघा. नसेल तर लिनक्सवरून, साटासाठी एचडीपार्म आणि एनव्हीएमईसाठी एनव्हीएमई-सीएलआय ही साधनं. काही सेकंद ते दोन-तीन मिनिटांत काम होतं.

साटामध्ये हमखास अडतं ते इथे: डिस्क 'फ्रोझन' दाखवते आणि आज्ञा घेत नाही. सुरू होताना बायोसच तिला तसं कुलूप घालतो. लॅपटॉप एकदा झोपवून जागा केला की बहुतेक वेळा ते सुटतं. दुसरी अडचण पासवर्डची. सिक्युअर इरेजच्या आधी तात्पुरता पासवर्ड घालावा लागतो आणि पुसणं संपल्यावर तो आपोआप जातो. पण मध्येच वीज गेली तर डिस्क त्या पासवर्डसकट कुलूपबंद राहते, तेव्हा एक-दोन अक्षरांचा, लक्षात राहील असाच घाला. आणि हे डिस्क बाहेरून जोडायच्या यूएसबीच्या डबीतून करू नका. बऱ्याच डब्या ही आज्ञा पुढे पोचवतच नाहीत, काही अर्धवट पोचवतात.

नियंत्रकाच्या शब्दावर पूर्ण विसंबू नका, हेही त्याच २०११ च्या प्रयोगाने दाखवलं. काही डिस्कांनी 'पुसलं' असं कळवलं आणि डेटा तसाच होता. त्यासाठी माझी पसंती दुपदरी पद्धतीला: आधी पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करा (किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करा), मग पुसा. विंडोजमधलं एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकर, चालू करताना 'फक्त वापरलेली जागा' आणि 'संपूर्ण ड्राइव्ह' असे दोन पर्याय येतात. वापरलेल्या डिस्कसाठी दुसराच निवडा, कारण पहिल्यात डिलीट केलेल्या जुन्या फायली उघड्याच राहतात. होम आवृत्तीत बिटलॉकर नसेल तर व्हेराक्रिप्ट. मग सिक्युअर इरेज, आणि शेवटी खात्यात जपलेली रिकव्हरी की काढून टाका. आता एखादी पेशी पुसायची राहिली तरी तिच्यात बहुधा किल्लीवाचून निरर्थक असा मजकूरच असेल. जास्तीच्या फ्लॅशमध्ये जुनं काही राहिलं असेल तर ते सिक्युअर इरेजने जातं. एकाची उणीव दुसरा भरून काढतो.

एसएसडीचं स्वतःचं 'हार्डवेअर एन्क्रिप्शन' यासाठी धरू नका. २०१८ मध्ये रॅडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी काही नामांकित मॉडेल्समध्ये ते पासवर्ड नसतानाही ओलांडून दाखवलं, आणि त्यानंतर विंडोजनेही सॉफ्टवेअर एन्क्रिप्शन हाच मूळ पर्याय केला.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डांमध्ये सहसा पुसण्याची खास आज्ञा नसते. पूर्ण क्षमता दोनदा भरून लिहा. ज्यात ओळखपत्रं होती ती कुणालाही देऊ नका. पेन ड्राइव्हचं कवच काढून आतली काळी चौकोनी चिप पक्कडीने मोडायची. नुसता यूएसबीचा दांडा मोडून उपयोग नाही. मायक्रो कार्डात चिप अख्ख्या अंगभर असते, मजबूत कात्रीने तीन-चार तुकडे करा. डोळ्यांवर चष्मा हवा.

कळफलक

फोनांबद्दल. रीसेटला हात लावण्याआधी एक काम: त्या फोनवर ओटीपीचं ऑथेंटिकेटर अॅप, बँकेचं अॅप किंवा पासकी आहे का बघा आणि ते नव्या फोनवर हलवा. चॅटचा बॅकअप घ्या, आणि तो नव्या फोनवर प्रत्यक्ष उघडून बघा. फोन पुसल्यावर आपल्याच खात्याबाहेर अडकलेले लोक इथे दर आठवड्याला मदत मागायला येतात.

मग क्रम असा: सिम आणि मेमरी कार्ड काढा, ई-सिम असेल तर सेटिंगमधून हटवा, गूगल खातं आणि फोन कंपनीचं खातं दोन्ही फोनमधून काढा, स्क्रीनलॉक काढा, आणि शेवटी सेटिंगमधूनच 'इरेज ऑल डेटा'. बटणं दाबून रिकव्हरीमधून रीसेट केला तर अँड्रॉइड ५.१ पासून पुढचे फोन सुरू होताना जुन्या मालकाचं खातं मागतात. चोरीला आळा घालायला ही सोय चांगली आहे, पण पासवर्ड आठवत नसलेला फोन दुसऱ्याच्या हातात निव्वळ सुट्या भागांचा राहतो. धडधाकट फोन असे कचऱ्यात जातात, हे मला खरोखर खटकतं. आयफोनलाही तेच: आधी 'फाइंड माय' बंद, मग 'जनरल' मधून 'इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज'. फोन हातातून गेल्यावर आठवलं तर संगणकावरून आयक्लाउडमध्ये जाऊन तो यादीतून काढता येतो.

आता तुमचे दोन.

अँड्रॉइड १२ वर डेटा मुळातच एन्क्रिप्टेड असतो. किल्ली तुमच्या पिनशी आणि प्रोसेसरमधल्या गुपिताशी बांधलेली असते, त्यामुळे साठवणुकीची चिप उकलून दुसरीकडे वाचली तरी हाती काही लागत नाही. रीसेट म्हणजे या किल्लीचा नाश, म्हणूनच तो मिनिटभरात होतो. अडचण स्क्रीनची आहे. ओटीजी अॅडॅप्टरने (फोनला यूएसबीची वस्तू जोडणारा) कीबोर्ड जोडा, फोन जागा करा, पिन टाइप करून एंटर दाबा. स्क्रीन न दिसताही कुलूप उघडतं. पुढचं बघायला टीव्ही लागेल, पण यूएसबी-सीमधून चित्र बाहेर काढण्याची सोय बहुतेक स्वस्त फोनांत नसते. यूएसबी डीबगिंग (केबलवरून संगणकाला फोन हाताळू देणारी सोय) आधीपासून चालू असेल आणि तुमच्या संगणकाला परवानगी दिलेली असेल, तर फोनची स्क्रीन संगणकावर आणता येते. दोन्ही नसेल तर गूगलच्या 'फाइंड हब' (आधीचं नाव 'फाइंड माय डिव्हाइस') पानावरून दुरून पुसा. त्यासाठी फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला हवा. यातलं काहीच जमलं नाही आणि पिन सहा आकडी असेल, तर तो आहे तसा रिसायकलला दिला तरी मी निश्चिंत राहीन.

४.४ च्या फोनबद्दल मात्र निश्चिंत राहू नका. त्या काळात एन्क्रिप्शन आपण होऊन चालू नसे. केंब्रिजच्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २.३ ते ४.३ आवृत्त्यांचे २१ वापरलेले फोन तपासून २०१५ मध्ये दाखवलं, की रीसेटनंतरही संदेश, फोटो आणि खात्यात शिरण्याचे टोकन परत मिळतात. ४.४ त्यांच्या यादीत नव्हता, पण तो त्याच पिढीचा धरून चला. कृती: आधी अक्षरं-आकडे मिसळलेला किमान बारा अक्षरी पासवर्ड लावा, मग 'सिक्युरिटी' मध्ये 'एन्क्रिप्ट फोन'. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर आणि चार्जर लावलेला असल्याशिवाय ते सुरूच होत नाही. तास-दीड तास लागतो, मध्ये बंद करू नका. मग रीसेट. त्यानंतर कोणतंही खातं न घालता कॅमेऱ्याने भिंतीचा व्हिडिओ घेत साठवण काठोकाठ भरा, आणि पुन्हा एकदा रीसेट. पासवर्ड लांब का? या जुन्या फोनांत किल्लीचा पेटारा रीसेटनंतरही मागे राहू शकतो. चार आकडी पिन असेल तर सगळ्या १०,००० शक्यता संगणक चुटकीसरशी तपासतो.

ओहम

तिसरा नंबर आधी हातावेगळा करा, बाकी सगळं थांबू शकतं.

फुगणं म्हणजे आतला द्राव विघटित होऊन तयार झालेला वायू पाकिटात अडकलेला आहे. भोक पाडून वायू सोडायचा विचारही नको. आतले दोन पत्रे कागदासारख्या पातळ पडद्याने वेगळे ठेवलेले असतात. टोक लागलं की पडदा फाटतो, शॉर्ट होतं, आणि तो द्राव ज्वलनशील असतो.

फोन चार्जरला लावू नका, 'डेटा काढण्यापुरता'सुद्धा. चालू असेल तर बंद करा. पाठीवर दाब देऊन झाकण परत बसवू नका. वाळू भरलेल्या धातूच्या किंवा मातीच्या भांड्यात फोन ठेवा, वर वाळूचा थर द्या आणि झाकण सैल ठेवा, घट्ट बंद नको. जागा थंड, कोरडी, पडदे-गाद्या-कागदांपासून दूर. केंद्राला आधी कळवा की बॅटरी फुगलेली आहे, काही ठिकाणी ती वेगळी घेतात. डाक किंवा कुरिअरने अजिबात पाठवू नका.

डेटा हवाच असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून बॅटरी काढून नवी बसवून घ्या. घरी काढायची असेल तर ती गोंदपट्टीने चिकटवलेली असते आणि लोक ती धातूच्या स्क्रूड्रायव्हरने उचकटतात. आग लागण्याचा धोका नेमका तिथेच असतो. फुगलेली असेल तर ते काम घरी करूच नका.

बाकीच्या खणातल्यांसाठी: वर्षानुवर्षं शून्यावर पडलेली लिथियम बॅटरी एकदम चार्जरला लावू नये. तिचं व्होल्टेज फारच खाली गेलं की आतल्या तांब्याच्या पत्र्यातलं तांबं द्रावात विरघळायला लागतं, आणि पुन्हा चार्ज करताना ते नको तिथे सुईसारखं जमून आतून शॉर्ट होतं. जुना फोन सुरू करून बघायचाच असेल तर साधा कमी क्षमतेचा चार्जर लावा, समोर बसून राहा, हाताला कोमटपेक्षा जास्त गरम लागला की काढा. ज्या वस्तू ठेवायच्याच आहेत त्या ४०-५० टक्के चार्जवर ठेवा आणि सहा महिन्यांनी एकदा बघा.

सुट्या बॅटऱ्यांच्या दोन्ही टोकांवर इन्सुलेशन टेप लावा. घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत दाबयंत्राखाली आली की पेट घेते.

रोखठोक

इतका खटाटोप कशाला? सिक्युअर इरेज खोटं बोलतं असं वरच लिहिलंय. ड्रिलने चार भोकं पाडा, विषय संपला. डेटा एकदा बाहेर गेला की परत येत नाही, कचऱ्याचं नंतर बघू.

चकती

@रोखठोक, काळजी रास्त आहे, पण ड्रिल दिसतं तितकं खात्रीचं नाही. लहान क्षमतेच्या २.५ इंची एसएसडीचं कवच उघडून बघा: पुष्कळदा सर्किटची पट्टी अर्ध्याच भागात असते, उरलेलं कवच पोकळ. भोकं पोकळ भागात पडली तर चिपा शाबूत राहतात. फोनवर हातोडा मारला की काच फुटते, साठवणुकीची नखाएवढी चिप धातूच्या झाकणाखाली सुखरूप राहते आणि बॅटरी मात्र पेटते. त्याउलट फिरत्या डिस्कला भोक पाडलं तर तिची तबकडी घरगुती पातळीवर कुणी वाचणार नाही, तिथे तुमचं बरोबर आहे.

फोडणं ही पद्धत मी एकाच प्रसंगासाठी राखून ठेवेन: डिस्क फिरतच नाही किंवा संगणकाला दिसतच नाही, म्हणजे पुसताच येत नाही. तेव्हा झाकणाचे टॉर्क्स स्क्रू काढा. ३.५ इंचीवर बहुधा टी-८, लॅपटॉपच्या डिस्कवर टी-६ किंवा टी-५. एक स्क्रू हमखास लेबलखाली दडलेला असतो. मग तबकड्या बाहेर काढा. ३.५ इंचीतल्या सहसा अॅल्युमिनियमच्या असतात, वाकवून खरवडा. लॅपटॉपच्या डिस्कमधल्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि वाकवताना हातात फुटून बारीक कपच्या उडतात, म्हणून जाड कापडात गुंडाळून, चष्मा आणि हातमोजे घालूनच. आतली दोन निओडिमियम चुंबकं बोटं चिमटतात, पेसमेकर असलेल्यांनी तिथे हात घालू नये. आणि चुंबक वरून फिरवून डिस्क पुसली जाईल असं समजू नका. घरातल्या चुंबकाने आतलं काही हलत नाही, एसएसडीवर तर चुंबकत्वाचा संबंधच नाही.

तांबडीतार

फोडल्यावर रिसायकल होतं का, या प्रश्नाचं उत्तर राहिलं.

होतं, पण हाती कमी लागतं. नीट चालणाऱ्या केंद्रात आधी बॅटऱ्या हाताने काढतात, चालणारे भाग बाजूला जातात, मग उरलेलं यंत्रात चिरडतात. चुंबकाने लोखंड, फिरत्या चुंबकीय क्षेत्राने अॅल्युमिनियम वेगळं होतं, आणि सर्किटच्या पट्ट्या तांब्याच्या भट्टीत जातात. तांबं वितळून इतर धातूंना आपल्यात ओढून घेतं. नंतर विद्युत शुद्धीकरणात तांबं वेगळं झालं की तळाशी जो गाळ उरतो, त्यातून सोनं, चांदी, पॅलेडियम काढतात. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ मध्ये सुमारे ७९,००० टन लहान उपकरणं आणि ६२ लाख फोन गोळा झाले. त्यांतून सुमारे ३२ किलो सोनं, ३,५०० किलो चांदी आणि २,२०० किलो कांस्य मिळालं. मात्र चुंबकांतले दुर्मीळ मृद्धातू (निओडिमियमसारखे) या वाटेत भट्टीच्या मळीत जातात. २०२४ च्या जागतिक ई-कचरा अहवालानुसार त्यांच्या मागणीपैकी जेमतेम १ टक्का पुनर्चक्रीकरणातून भागते. म्हणून रिसायकल हा शेवटचा पर्याय, पुन्हा वापर पहिला.

त्याच अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला आणि नोंद ठेवून रीतसर गोळा झाला तो २२.३ टक्के. उरलेल्यातला कितीतरी उघड्यावर फुटतो. तांब्यासाठी वायरी जाळतात, पीव्हीसीच्या धुरातून डायॉक्सिन निघतं. सोन्यासाठी पट्ट्या आम्लात बुडवून उरलेलं पाणी गटारात सोडतात. हे काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत शिसं जातं. त्यामुळे 'कोण घेतंय' हा प्रश्न डेटाइतकाच महत्त्वाचा आहे.

केंद्राला हे विचारा: सरकारी नोंदणीचा क्रमांक काय? माल स्वतः सोडवता की पुढे विकता, आणि कुणाला? बॅटरी कुठे जाते? डिस्क नष्ट केल्याचं प्रमाणपत्र अनुक्रमांकानिशी देता का, की नुसतं वजन लिहिता? वजनाच्या पावतीचा डेटाच्या दृष्टीने काही उपयोग नाही. एसएसडी चिरडत असतील तर तुकडा किती मोठा राहतो? हार्ड डिस्कला चालणारा दोन बोटांएवढा तुकडा एसएसडीला चालत नाही, त्यात अख्खी चिप बसते. अमेरिकेच्या एनएसए या सुरक्षा संस्थेची एसएसडीसाठीची अट २ मिलिमीटरची आहे.

आणि प्रमाणपत्र मिळणार म्हणून स्वतः पुसणं सोडू नका. मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेने जुनी उपकरणं काढण्याचं काम डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या सामान-हलवणाऱ्या कंपनीला दिलं होतं. त्यातल्या काही डिस्का डेटासकट इंटरनेटवरच्या लिलावात पोचल्या. सुमारे दीड कोटी ग्राहकांची माहिती धोक्यात आली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकाने ३.५ कोटी डॉलरचा दंड लावला.

वस्तू अख्खीच द्या. घरी पट्ट्या काढून, वायरी सोलून देण्याची गरज नाही. जुना पातळ मॉनिटर तर उघडूच नका. एलईडीच्या आधीच्या पडद्यांमागे पाऱ्याच्या बारीक नळ्या असतात, त्या फुटल्या की वाफ घरातच राहते.

जुनाखण

सगळ्यांचे मनापासून आभार. फुगलेला फोन वाळूत ठेवला. दोन गोष्टी राहिल्या: राउटर, आणि विंडोज ११ न चालणारा लॅपटॉप पुसून कुणाला देण्यात अर्थ आहे का?

नँडगेट

लॅपटॉपला नक्कीच अर्थ आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि ११ साठी टीपीएम २.० (एक सुरक्षा चिप) आणि ठरावीक प्रोसेसरची अट आहे. यंत्र बिघडलेलं नाही, अट बदलली आहे. पुसून झाल्यावर हलकं लिनक्स घाला. ४ जीबी रॅमवर एक्सएफसीई डेस्कटॉप बरा चालतो, ८ जीबीवर काहीही. ब्राउझर, लिखाण, व्हिडिओ कॉल, विद्यार्थ्याचं सगळं काम होतं. देण्याआधी बॅटरीचं आरोग्य बघा: 'अपॉवर' या लिनक्सच्या साधनाच्या माहितीत मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता शेजारी-शेजारी दिसते. ६० टक्क्यांखाली असेल तर नवी घाला किंवा घेणाऱ्याला तसं सांगा. चौथ्या लॅपटॉपमधली फिरती डिस्क काढून साटा एसएसडी बसवली तर तोही उभा राहील. यंत्र हळू वाटण्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा ती डिस्कच असते.

कळफलक

राउटर: मागचं बारीक भोक, आत पिन घालून राउटर चालू असताना १० ते १५ सेकंद दाबून धरा, सगळे दिवे एकदम विझून परत लागेपर्यंत. मग मूळ पासवर्डने आत शिरून बघा. तुमचं जुनं वायफायचं नाव दिसलं तर रीसेट झालेला नाही, पुन्हा करा. इंटरनेट कंपनीचा लॉगिन आयडी, पासवर्ड आणि तुम्ही घातलेली उपकरणांची नावं त्याच्यात साठलेली असतात.

वायफायचा दिवा, स्मार्ट प्लग, घरगुती कॅमेरा, प्रिंटर टाकतानाही हेच लक्षात ठेवा. त्यांच्यातली फ्लॅश बहुधा एन्क्रिप्टेड नसते आणि वायफायचा पासवर्ड साध्या अक्षरांत पडलेला असू शकतो. कॅमेरा आधी मोबाइल अॅपमधून 'रिमूव्ह' करा, नुसतं बटण दाबून रीसेट केल्याने खात्याशी असलेला संबंध दरवेळी तुटतोच असं नाही. आणि बंद पडल्यामुळे रीसेटच करता येत नसेल, तर ती वस्तू दिल्याच्या दिवशी घरचा वायफाय पासवर्ड बदला. उरलेल्या उपकरणांत नवा घालायला अर्धा तास जातो, पण त्या मेलेल्या दिव्यात पडलेला जुना पासवर्ड मग कुठलंच दार उघडत नाही.